मानाचं टोक पडद्याबाहेर

सन दोन हजार तीन. माझं वय तेव्हा एकोणसाठ. शाळेच्या दाखल्यावर अठ्ठावन्न आहे, पण दाखला मास्तरने लिहिला आणि जन्म आईने दिला, म्हणून आईचं धरायचं. शिक्षण चौथीपर्यंत. चौथीही पुरती नाही, भातकापणीला शाळा सुटली ती माझ्यापुरती परत भरलीच नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे कॉम्प्युटरच्या गोष्टी येणार आहेत आणि शिकलेल्यांना वाटेल, याला काय कळतं. जे कळलं ते लिहितोय. जे मला कळलं नाही ते त्यांनाही कळलं नव्हतं, हे पुढे दिसेलच.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या पट्ट्यात. कचेरी शहापूरला, बाजार मुरबाडला. हवा मोकळी असली की सिद्धगड दिसतो. देऊळ एका टेकाडावर, पायऱ्या चढून जायचं. चैत्रात जत्रा भरते. पालखी निघाली की पहिला नारळ फोडायचा मान आमच्या घराचा. आमचाच का, ते विचारू नका, माझ्या आजोबांनाही कुणी विचारलं नव्हतं. गावातल्या घरांचा क्रम ठरलेला आहे. बैठक असो की पंगत, देवळाखालच्या मैदानात मानाची घरं एका रांगेत बसतात. देवळाकडे तोंड करून बघितलं तर उजव्या टोकाला आमचं घर, कारण पालखी पायऱ्या उतरून पहिली तिथं टेकते. डाव्या टोकाला समोरचं घर. समोरचं म्हणजे माझ्या ओट्यासमोरचं. ते लोक गावात सगळ्यांच्या शेवटी आले, नदीपलीकडून. येऊन चार पिढ्या झाल्या असं ते म्हणतात. चार पिढ्या म्हणजे कालच आले.

त्या घरचा कर्ता माझ्याच वयाचा. लहानपणी एकाच म्हशीचं शेपूट धरून आम्ही दोघं नदी ओलांडायचो. पुढे तो मुंबईत एका कचेरीत शिपाई झाला आणि निवृत्त होऊन परत आला तो पँट घालून. आल्यापासून त्याचं एकच म्हणणं, नारळाचा मान दरवर्षी फिरता ठेवा, आता लोकशाही आहे. लोकशाही माझ्या नारळापुरती. त्याचा बांध दरवर्षी माझ्या खाचरात सरकत आला तेव्हा तिची आठवण कुणाला झाली नाही.

त्या साली गावच्या मुंबईकर मंडळाने ठरवलं की गावाची वेबसाइट काढायची. आमच्या तालुक्यातल्या तानसाचं पाणी मुंबईला जातं, पोरं मुंबईला जातात, आता गावही मुंबईला दिसणार. मंडळाचे अध्यक्ष जत्रेपुरते गावात येतात आणि आल्यावर माश्या वारतात. ते म्हणाले, "पहिल्याच पानावर मानकरी घरांचा फोटो पाहिजे. जगाला कळू दे."

मुरबाडचा फोटोवाला आला. त्याने सांगितलं, अर्धे पुढे खाली बसा, अर्धे मागं उभे राहा. कोणी हललं नाही. मागं उभं राहायला कोण तयार होणार? आमच्या गावात माणूस पाण्यात उतरेल, पण दुसऱ्या रांगेत जाणार नाही. फोटोवाला मागं मागं सरकत खाचरात उतरला तरी दोन्ही टोकं एकदम मावेनात. शेवटी त्याने तीन तुकड्यांत फोटो काढला आणि जोडून दिला. फोटो झाला वाळत घातलेल्या धोतरासारखा, लांबच लांब. उजव्या टोकाला मी, फेटा बांधून, कोऱ्या पांढऱ्या सदऱ्यात. डाव्या टोकाला समोरचा, दात काढून.

वेबसाइट बनवायचं काम मंडळाने माझ्या सुनेला दिलं. मुलगा आणि सून वाशिंदला राहतात. मुलगा कारखान्यात आहे आणि सून मुंबईला कॉम्प्युटरच्या कचेरीत. लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं, नोकरीवाली सून चुलीला उपयोगाची नाही. आता म्हणतो, चुलीला कोण विचारतं? तिच्या घरी मोठा पडदा होता. तिने मला खुर्चीवर बसवलं, पान उघडलं आणि म्हणाली, "बघा मामा." आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात. मी बघितलं. गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं. माझ्या मिशीचा केस न् केस दिसत होता. मी म्हटलं, "ठीक आहे." याहून जास्त मी कुणाला म्हणत नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी समोरचा माझ्या ओट्यावर आला. आल्या आल्या बसला, म्हणजे काहीतरी घेऊन आला होता.

"काय रे, वेबसाइट बघितलीस?"

"बघितली. सुनेच्या घरी."

"मीबी बघितली. शहापूरला, त्या सायबर कॅफेत. झकास आहे. माझे दात मोजून घ्यावे असे दिसतात."

"मग बरं झालं. खरे किती नि कवळीचे किती, तेही कळेल लोकांना."

त्याने तंबाखू मळली, तोंडात टाकली, आणि मग म्हणाला, "पण तू नायस त्याच्यात."

"मी नाय म्हणजे?"

"नायस. मी हाय, पुजारी हाय, मधली घरं हायत. मग पान संपतं. मी त्या पोऱ्याला दोनदा इचारलं. तो बोलला, काका, एवढंच हाय."

मी म्हटलं, तुझा चष्मा बदल. पण रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. जत्रेच्या बैठकीला आठ दिवस राहिले होते आणि बैठकीत मुंबईकर येणार. मुंबईकर गावाला वर्षातून एकदा बघतात, तेही झोप झाल्यावर. त्यांना पडदा सांगेल ते खरं. पडद्यावर आमचं घर नसेल तर नारळ आमचा कशावरून, एवढंच समोरच्याला विचारायचं होतं.

सकाळच्या एसटीने शहापूर गाठलं. सायबर कॅफे म्हणजे लाकडाच्या फळ्यांचे कप्पे, आमच्या गोठ्यात दावणीला असतात तसे, आणि प्रत्येक कप्प्यात एक जुना, टेंगूळ आल्यासारखा फुगलेला पडदा. चालवणारा तरुण होता, बोलायला बरा. त्याने पान उघडून दिलं. गावाचं नाव आलं. समोरचा आला, दातांसकट. पुजारी आला. मधली घरं आली. आणि एका माणसाच्या एका कानापाशी फोटो तुटला. दुसरा कान नाही, पुढचे कोणी नाहीत, मी नाही.

"बाकीचे कुठं आहेत?"

"आहेत ना काका. पान रुंद आहे, आमचा पडदा अरुंद. खाली आडवी पट्टी दिसते ना, ती उजवीकडे ओढा. तुम्ही तिकडे लपला असाल."

"मी लपलेलो नाही. मी बसलोय."

"तेच म्हणतोय. ओढा म्हणजे दिसाल."

पट्टी ओढायला मला थोडा वेळ लागला, पण ओढली. सरकत सरकत मी आलो. मी आलो तसा समोरचा गेला, तेवढं एक बरं वाटलं. पण मनात आलं, म्हणजे मला बघायचं तर लोकांनी मला फरफटत आणायचं? आमच्या घराण्यात आजवर कुणाला फरफटत आणलेलं नाही.

मी त्याला म्हटलं, "मोठे पडदे घ्या."

तो म्हणाला, "तुमच्या गावाच्या फोटोसाठी?"

"का, गाव लहान आहे?"

तो भला होता. त्याने पडद्याची काहीतरी सेटिंग फिरवली आणि म्हणाला, आता जास्त मावेल. मी आलो खरा, पण अक्षरं मुंगीएवढी झाली आणि पडदा असा थरथरायला लागला की शेजारच्या कप्प्यातली बाई नोकरीचा अर्ज भरत होती ती म्हणाली, याला ताप आलाय का? त्याने परत होतं तसं केलं. मी परत गेलो.

तिथून थेट वाशिंद. सून कामावरून नुकतीच आली होती, अजून पर्सही खांद्यावरून उतरली नव्हती. मुलगा टीव्हीसमोर. घरात दोन माणसं बोलायला लागली की तो बातम्यांचा आवाज वाढवतो.

मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्याला शहापुरात कोणी ओळखत नाही."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या लक्षात यायला हवं होतं. ऑफिसात सगळ्यांकडे हजाराचे पडदे आहेत, म्हणून मी पान हजाराचं केलं. कॅफेत आठशेचे आहेत."

"हजार काय? इंच?"

"ठिपके. पडद्यावर आडवे जेवढे ठिपके मावतात ते."

"म्हणजे दोनशे ठिपक्यांत माझं घर गेलं."

"तुमचं आणि तुमच्या शेजारची दोन-तीन घरं."

"ती गेली तरी चालतील."

तिने चहा टाकला आणि कॉम्प्युटर लावला. म्हणाली, पहिला उपाय सोपा आहे, पान आठशेत बसवायचं आणि फोटो तेवढा लहान करायचा. करून दाखवलं. सगळी घरं आली खरी, पण माणसं झाली भाताच्या दाण्यांएवढी. माझी मिशी म्हणजे दाण्याला कुसळ असतं तशी. समोरचा आणि मी, कोण कुठला ओळखू येईना. मी म्हटलं, हे मला चालणार नाही, यात आम्ही दोघं सारखे दिसतो.

मग तिने दुसरा प्रकार काढला. पान रबरासारखं करायचं. पडदा रुंद तर पान रुंद, अरुंद तर अरुंद. ती कोपरा धरून चौकट ओढत होती तशी अक्षरं नव्या ओळी धरत होती. बघायला मजा होती. पण मी म्हटलं, "ज्याला स्वतःची रुंदी नाही ते पान कसलं? तलाठ्याने असा सातबारा दिला तर घेशील का?"

ती हसली. "सातबारा नाही हा मामा. आणि यातही अरुंद पडद्यावर फोटो बारीकच होणार."

"मग उपयोग काय?"

"मग फोटो उलटा फिरवते, आरशातल्यासारखा. तुम्ही डावीकडे याल आणि कुठल्याही पडद्यावर दिसाल."

बोट दाबलं आणि गाव फिरलं. मी डाव्या टोकाला. आधी बरं वाटलं. मग बघितलं तर समोरचा उजव्या टोकाला, मानाच्या जागेवर, पालखी टेकते तिथं, फेटा नाही, टोपी नाही, नुसते दात. मी म्हटलं, "हे पुसून टाक. आत्ता पूस. त्याने बघितलं तर फ्रेम करून लावेल."

तिने पुसलं. "मग एकच राहिलं. फोटोचे दोन तुकडे करायचे आणि एकाखाली एक ठेवायचे. अर्धी घरं वर, अर्धी खाली."

"मी कुठं येणार?"

"खालच्या ओळीत."

"म्हणजे दुसऱ्या रांगेत."

तिने माउसवरचा हात काढला. म्हणाली, "मामा, खरं सांगू? तुमचं गाव आडवं आहे. पडदा असं गाव घेत नाही." मुलाने बातम्यांचा आवाज आणखी वाढवला. मी चप्पल घालून निघालो. चहा प्यालो नाही. ती खाली रिक्षापर्यंत सोडायला आली आणि एवढंच म्हणाली, "बैठकीला मी येते."

बैठक देवळाखालच्या मैदानात भरली, रांग नेहमीसारखी. अध्यक्ष खुर्चीवर. समोरच्याने कॅफेतून पान छापून आणलं होतं, घडी घालून खिशात. कागदावर तर आणखीच गंमत, कागद पडद्याहूनही अरुंद, त्यामुळे त्यात पुजारीसुद्धा अर्धाच आला होता. पूर्ण माणूस एकटा समोरचा. त्याने कागद सगळ्यांमधून फिरवला.

"अध्यक्षसाहेब, हे गावचं पान. वर लिवलंय, मानकरी घरं. यात ज्यांचा नारळ म्हणतात त्यांचं घर कुठं हाय ते दाखवा. माझं काय म्हणणं नाय. मी पान वाचतोय."

मी म्हटलं, "पान वाचतोस तर पूर्ण वाच. अर्ध्यात पडद्याने दार लावलंय."

"दार माज्या घराला नाय लावलं."

"तू दारातच बसतोस, म्हणून."

अध्यक्षांनी सुनेला विचारलं, असं का झालं? तिने हजार आणि आठशे समजावून सांगितलं. मग जी चर्चा झाली तशी मी गावात पाण्याच्या टाकीवरही ऐकली नव्हती. ज्यांनी कॉम्प्युटर कधी बघितला नव्हता त्यांची मतं सगळ्यांत पक्की. एकाने सांगितलं, हजारच ठेवा, गाव मोठं दिसतं. दुसरा म्हणाला, आठशे पुष्कळ झाले, उगाच मोठेपणा कशाला, लोक वर्गणी मागायला येतील. पोलीसपाटलाने विचारलं, शासनाचा नियम किती आहे? तसा नियम नाही म्हटल्यावर त्याचा रस गेला. मग पुजाऱ्याची म्हातारी आई मागून म्हणाली, "भांडता कशाला रे, मधलं धरा. नऊशे करा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे बांधाचा वाद असो, हुंड्याचा असो, मधलं धरलं की न्याय झाला. अध्यक्षही म्हणाले, नऊशे योग्य आहे.

सून उभी राहिली. "नऊशे केलं तर शहापूरला परत अर्धवटच दिसेल, आणि मुंबईला बाजूला रिकामी पट्टी राहील. दोघांचंही नुकसान."

म्हातारी म्हणाली, "मग तर बरोबर न्याय झाला गो." लोक हसले. मीही हसलो असतो, पण घर माझं होतं.

सून म्हणाली, "पान आठशेचंच करू, तेच सगळीकडे मावेल. फोटो परत काढू. पान आडवं ओढायचा लोकांना कंटाळा येतो, पण खाली कितीही लांब असलं तरी बघत जातात. तेव्हा रांग आडवी नको. देवळाच्या पायऱ्यांवर बसा, एका पायरीवर एक घर. फोटो उभा येईल. कोणी कापलं जाणार नाही आणि कोणी कोणाच्या मागं नाही."

कोणी कोणाच्या मागं नाही, हे ऐकून गाव खूश झालं. मग अर्थातच प्रश्न आला, कुठली पायरी कुणाची? पायऱ्यांची रीत आमच्याकडे नाही. आजवर पायऱ्यांवर कोणी बसलंच नाही, तिथं चपला असतात. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. त्यांना मुंबईला जायचं होतं आणि नारळाचाही निकाल लावायचा होता. ते म्हणाले, "जो आधी येऊन बसेल त्याची पायरी. आणि नवीन पानावर ज्याचं घर पहिलं दिसेल, नारळ त्याच्या घराचा. यापुढे हाच नियम, वाद नको."

समोरचा लगेच म्हणाला, "मंजूर." मला दिसत होतं त्याच्या डोक्यात काय चाललंय. खालची पायरी कॅमेऱ्याच्या जवळ, तिथं तोंड मोठं येणार, दात दुप्पट. मैदानातून बघणाऱ्याला पहिली पायरी म्हणजे खालची. शिपायाने सगळी नोकरी दारात काढली, दुसरं सुचणार कुठून?

मी सुनेला बाजूला घेतलं आणि हळू विचारलं, "पान उघडलं की आधी काय दिसतं?"

"वरचं, मामा. मग खाली खाली जायचं."

"आठशेच्या पडद्यावर पण?"

"आठशेच्या पडद्यावर तर वरचंच. तो उंचीलाही कमी आहे. खालचं बघायला माउसचं चाक फिरवावं लागतं."

"कोणी नाही फिरवलं तर?"

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ दाबून म्हणाली, "तर खालचे राहिले." मग पदर सारखा करत आणखी एक बोलली, "मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी बैठकीत सांगितलं नाही." तेव्हा मला पटलं की पोरगी आमच्या घरात मुरली. तसं तिला सांगितलं नाही. "ठीक आहे," म्हटलं.

मी परत रांगेत जाऊन बसलो आणि म्हटलं, "मंजूर." समोरच्याने माझ्याकडे वळून बघितलं. मी एवढ्या लवकर मंजूर म्हटलेलं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. पण बैठक उठली, अध्यक्ष गाडीत बसले, आणि फोटोवाला रविवारी येईल असा निरोप मुरबाडला गेला. ती बैठक सोमवारची.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मंगळवारी, मी आंघोळ केली, तोच पांढरा सदरा घातला, फेटा बांधला आणि पायऱ्या चढून सगळ्यांत वरच्या पायरीवर जाऊन बसलो. बायको म्हणाली होती, "फोटो रविवारी आहे." मी म्हटलं, "मला म्हाईत आहे. भाकरी वर पाठव." ऊन चढलं तेव्हा समोरचा पँट सावरत आला, मला बघितलं, जरा थांबला आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर फडकं टाकून बसला. मग तो वर न बघता म्हणाला, "वर ऊन लागतंय रे तुला."

मी म्हटलं, "लागू दे."